बावीस नावं, एक तास: जुलाबाच्या पीसीआर पॅनलचं परीक्षण

शौचाच्या सॅम्पलवर होणारी मल्टिप्लेक्स पीसीआर चाचणी, म्हणजे जंतूंच्या जीनच्या तुकड्यांच्या असंख्य प्रती काढून एकदम अनेक जंतू शोधणारी चाचणी, लॅबमध्ये 'जीआय पॅनल' या नावाने ओळखली जाते. इथे परीक्षणासाठी घेतलंय ते बायोफायर फिल्मअ‍ॅरे जीआय पॅनल. अमेरिकेच्या एफडीएने त्याला २०१४ साली मंजुरी दिली. एका पाऊचमध्ये २२ गोष्टी तपासल्या जातात: १३ जिवाणू किंवा त्यांचे प्रकार, ५ विषाणू आणि ४ परजीवी. सॅम्पल लागतं फक्त ०.२ मिली, माणसाचं हातकाम दोन-तीन मिनिटांचं आणि निकाल साधारण तासाभरात.

हे किती मोठं पाऊल आहे ते जुन्या स्टूल कल्चरशी, म्हणजे शौचातले जंतू लॅबमध्ये वाढवून ओळखण्याच्या पद्धतीशी, ताडून पाहिलं की कळतं. कल्चरला दोन-तीन दिवस लागतात, कधी जास्तही. नेहमीच्या कल्चरमध्ये साल्मोनेला, शिगेला आणि सोय असेल तर कॅम्पिलोबॅक्टर एवढेच जंतू शोधले जातात. ई. कोलायची तर पंचाईतच होते. आतड्यात गुण्यागोविंदाने राहणारा ई. कोलाय आणि जुलाब लावणारा ई. कोलाय हे मॅककॉन्की अगारवर, म्हणजे जंतू वाढवायच्या थाळीवर, सारखेच गुलाबी दिसतात. त्यामुळे रिपोर्टवर 'नॉर्मल फ्लोरा' लिहिलं जातं आणि जुलाबाचं कारण सापडत नाही. पॅनल वसाहतींच्या रंगावर अवलंबून नाही. जंतूकडे रोग करणारं हत्यार आहे का, म्हणजे त्या हत्याराचा जीन आहे का, हे ते पाहतं. म्हणूनच ई. कोलायचे पाच वेगवेगळे रोगकारक प्रकार त्यात दिसतात. जुन्या पद्धतीत त्यातला एखादाच, तोही मुद्दाम शोधला तरच, हाती लागायचा.

मत आधीच सांगून टाकतो. यंत्र उत्तम आहे, घोटाळा होतो तो रिपोर्ट वाचताना. बावीस ओळी आणि प्रत्येकीपुढे 'डिटेक्टेड' किंवा 'नॉट डिटेक्टेड'. छापलेला शब्द एकच, पण एका ओळीपुढे तो आला तर पुढचे दहा दिवस मूत्रपिंडावर डोळ्यात तेल घालून लक्ष ठेवावं लागतं आणि दुसऱ्या ओळीपुढे आला तर बहुतेक वेळा काहीच करायचं नसतं. हा फरक कागदावर कुठेच लिहिलेला नसतो. तो कळायला कोणता जंतू आतड्यात नेमकं काय करतो हे माहीत असावं लागतं. त्यामुळे हे परीक्षण यंत्राच्या भागांपेक्षा रिपोर्टच्या ओळींवर जास्त थांबणार आहे.

यंत्राचं थोडक्यात. पाऊचमध्ये सगळी रसायनं सुकवून भरलेली असतात. सॅम्पल आत गेलं की बारीक मण्यांच्या घुसळणीने जंतू फोडले जातात आणि चुंबकीय मण्यांवर त्यांचं डीएनए-आरएनए गोळा होतं. मग दोन टप्प्यांत पीसीआर होते: आधी सगळ्यांची एकत्र, नंतर १०२ छोट्या खळग्यांत सुटी सुटी. शेवटी तयार झालेला तुकडा कोणत्या तापमानाला वितळतो यावरून यंत्र तो ओळखतं. प्रत्येक पाऊचमध्ये एक निरुपद्रवी यीस्ट मुद्दाम घातलेलं असतं. ते सापडलं नाही तर कुठलीतरी पायरी बिघडली असं धरून यंत्र पूर्ण निकालच 'इनव्हॅलिड' देतं. ही सोय आम्हाला फार मोलाची वाटते, कारण बिघडलेल्या चाचणीला 'निगेटिव्ह' समजण्याचा धोका तिच्यामुळे बराच कमी होतो.

सॅम्पल देताना होणाऱ्या चुका मात्र यंत्राला सुधारता येत नाहीत. शौच कोरड्या, स्वच्छ, रुंद तोंडाच्या डबीत घ्यावं. त्यात लघवी किंवा कमोडचं पाणी मिसळू देऊ नये. तिथून ते कॅरी-ब्लेअर माध्यमाच्या (जंतू वाटेत टिकवून ठेवणाऱ्या द्रावणाच्या) बाटलीत, बाटलीवरच्या रेघेपर्यंतच भरावं. 'थोडं जास्त दिलेलं बरं' असं समजून बाटली काठोकाठ भरली जाते आणि तिथेच गडबड होते. शौचातली पित्तक्षारांसारखी द्रव्यं पीसीआरच्या विकराला (एन्झाइमला) अडवतात. कॅरी-ब्लेअरमध्ये ती पातळ होतात म्हणून चाचणी चालते, पण शौच जास्त झालं की ते पातळ होणं उरत नाही. बाटली नीट हलवून एकजीव करावी. रक्त किंवा शेम (चिकट आव) दिसत असेल तर नेमका तोच भाग उचलावा. फॉर्मॅलिन असलेली बाटली या कामाची नाही. कॅरी-ब्लेअरमधलं सॅम्पल या पॅनलला चार दिवसांपर्यंत चालतं, पण मागाहून कल्चर करायचं ठरलं तर इतका उशीर परवडत नाही. शिगेला तर माध्यमाशिवायच्या शौचात काही तासांतच मरायला लागतो, कारण बाकीचे जंतू आम्ल तयार करतात. म्हणून सॅम्पल अँटिबायोटिकचा पहिला डोस घेण्याआधी द्यावं आणि त्याच दिवशी लॅबला पोचवावं.

आता रिपोर्टच्या ओळी. सुरुवात त्या दोन नावांपासून, ज्यांची कामाची पद्धत जवळपास एकच आहे: व्हिब्रिओ कॉलरे, म्हणजे कॉलऱ्याचा जंतू, आणि ईटीईसी, म्हणजे आतड्यात विष सोडणारा ई. कोलाय. दोघेही पेशीत शिरत नाहीत, आतड्याला जखम करत नाहीत, रक्त पाडत नाहीत. लहान आतड्याच्या अस्तराला सूक्ष्म तंतूंनी चिकटायचं आणि विष सोडायचं, एवढंच त्यांचं काम. कॉलऱ्याचं विष आणि ईटीईसीचं 'एलटी' हे विष भावंडंच आहेत. दोन्हींत एक सक्रिय भाग आणि पाच चिकटणारे भाग असतात. चिकटणारे भाग पेशीच्या पृष्ठभागावरचा जीएम-१ हा रेणू पकडतात आणि सक्रिय भाग आत जाऊन पेशीचा एक स्विच 'चालू' स्थितीत कायमचा अडकवतो. त्यामुळे पेशीत सायक्लिक एएमपी हा निरोप पोचवणारा रेणू भरमसाट वाढतो, क्लोराइडची दारं उघडी पडतात, आणि क्लोराइडमागे सोडियम, त्यामागे पाणी आतड्यात ओतलं जातं. ईटीईसीचं दुसरं विष 'एसटी' जेमतेम १८-१९ अमिनो आम्लांचं आहे. ते सायक्लिक जीएमपी या तशाच दुसऱ्या रेणूच्या वाटेने जातं, पण उघडतं तीच दारं. कॉलऱ्याच्या गंभीर रुग्णात तासाला एक लिटरपर्यंत पाणी जाऊ शकतं ते असं.

हा सगळा विषाचा खेळ आहे हे १९५९ साली कोलकात्यात शंभूनाथ डे यांनी दाखवून दिलं. सशाच्या आतड्याचा तुकडा दोन्हीकडून बांधून त्यात त्यांनी कॉलऱ्याच्या जंतूंचं, पण जंतू गाळून काढलेलं, द्रावण सोडलं. आतडं पाण्याने टम्म फुगलं. त्याआधी १९५६ मध्येच त्यांच्या गटाने जुलाबाच्या रुग्णांमधले ई. कोलायही त्याच पद्धतीने तपासले होते. आज पॅनलच्या 'ईटीईसी' या ओळीमागे जी कल्पना आहे, तिचं मूळ या प्रयोगांत सापडतं.

यातून रुग्णाच्या कामाचा मुद्दा निघतो. या विषाने पाणी बाहेर टाकण्याची दारं उघडी पडतात, पण ग्लुकोजबरोबर सोडियम आत ओढून घेणारी वाट शाबूत राहते. ओआरएस नेमकं तिच्यावर चालतं. जागतिक आरोग्य संघटनेच्या सध्याच्या सूत्रात एक लिटर पाण्यात ग्लुकोज १३.५ ग्रॅम, मीठ २.६ ग्रॅम, पोटॅशियम क्लोराइड १.५ ग्रॅम आणि ट्रायसोडियम सायट्रेट २.९ ग्रॅम असतं. त्यात सोडियम आणि ग्लुकोज दोन्ही लिटरला ७५ मिलिमोल, म्हणजे एकास एक. लिटरभर पाण्यासाठीचं पाकीट अर्ध्या लिटरमध्ये कालवलं तर द्रावण इतकं दाट होतं की उलट पाणीच आतड्यात ओढलं जातं. चव यावी म्हणून वरून साखर घातली तरी तोच परिणाम. ईटीईसी पॉझिटिव्ह आला, जुलाब पाण्यासारखे आहेत, ताप नाही, रक्त नाही, तर रिपोर्टने इलाजात फारसा बदल होत नाही. बहुतेक रुग्ण तीन-पाच दिवसांत ओआरएसवरच बरे होतात. कॉलरा पॉझिटिव्ह आला तर मात्र पाण्याची भरपाई युद्धपातळीवर करावी लागते आणि आरोग्य विभागाला लगेच कळवावं लागतं.

आता सगळ्यात जपून वाचायची ओळ: एसटीईसी, म्हणजे शिगा विष तयार करणारा ई. कोलाय. पॅनलची किंमत या एका ओळीने वसूल होते असं आमचं ठाम मत आहे, आणि सर्वाधिक अनर्थही इथेच होऊ शकतो. हा जंतू फार थोड्या संख्येत, शंभराहून कमीही, पोटात गेला तरी आजार होऊ शकतो. मोठ्या आतड्याला चिकटून तो जे विष सोडतो ते रक्तात उतरतं आणि जीबी-३ नावाचा रेणू ज्या पेशींवर आहे तिथे जाऊन चिकटतं. मूत्रपिंडाच्या बारीक रक्तवाहिन्यांच्या अस्तरावर हा रेणू भरपूर असतो. पेशीत शिरून हे विष रायबोसोमच्या आरएनएतला एकच ॲडेनिन काढून टाकतं. तेवढ्याने पेशीत प्रथिनं बनणं थांबतं आणि पेशी मरते. अस्तर सोलवटलं की तिथे गुठळ्या होतात, प्लेटलेट त्यात खर्च होतात, अरुंद झालेल्या वाटेतून जाताना लाल पेशी फाटतात आणि लघवी कमी होत जाते. याला एचयूएस (हिमोलिटिक युरेमिक सिंड्रोम) म्हणतात. ओ१५७ या एसटीईसीच्या सर्वांत परिचित प्रकाराची लागण झालेल्या लहान मुलांमध्ये साधारण ५ ते १५ टक्के मुलांना हे होतं.

वेळापत्रक लक्षात ठेवण्यासारखं आहे. लागणीनंतर साधारण तीन-चार दिवसांनी जुलाब, त्यानंतर एक ते तीन दिवसांत रक्त, आणि एचयूएस जुलाब सुरू झाल्यापासून पाचव्या ते तेराव्या दिवसाच्या दरम्यान. म्हणजे जुलाब थांबले, मूल खेळायला लागलं, घरचे निर्धास्त झाले, नेमक्या त्याच दिवसांत धोका असतो. कल्चरचा रिपोर्ट येईपर्यंत यातले तीन दिवस निघून जायचे. पॅनल पहिल्याच दिवशी सांगतं. मग हिमोग्लोबिन, प्लेटलेट आणि क्रिएटिनिन (मूत्रपिंडाचं काम दाखवणारा आकडा) ठरावीक अंतराने पुन्हा पुन्हा तपासता येतात आणि शरीरातलं पाणी लवकर भरून काढता येतं. प्लेटलेट एका तपासणीपेक्षा पुढच्या तपासणीत उतरताना दिसले तर ती पहिली घंटा समजावी, आकडा 'नॉर्मल' मर्यादेत असला तरी.

याच ओळीमुळे एक औषध टळतं. शिगा विषाचा जीन हा मुळात जिवाणूत दडून बसलेल्या एका विषाणूचा, फेजचा, असतो. काही अँटिबायोटिकनी, विशेषतः सिप्रोफ्लॉक्सॅसिनसारख्या औषधांनी, जिवाणूचा डीएनए दुखावला की हा फेज जागा होतो, स्वतःच्या प्रती काढतो आणि त्याबरोबर विषाचं उत्पादन वाढतं. रक्ती जुलाब दिसले की सवयीने दिलं जाणारं अँटिबायोटिक इथे घात करू शकतं. जुलाब दाबणारी लोपेरामाइडची गोळीही इथे नको, कारण आतडं थंडावलं की विष जास्त वेळ आत राहतं.

पॅनलची मोठी त्रुटीही इथेच आहे. शिगा विष दोन जातींचं, १ आणि २. मूत्रपिंडाचा धोका प्रामुख्याने २ शी जोडलेला आहे. पॅनल दोन्ही तपासतं, पण निकाल मात्र 'एसटीएक्स१/एसटीएक्स२' असा एकत्र देतं. कोणतं सापडलं हे कळत नाही. यंत्र दोन्ही शोधतंय, तर वेगळं सांगायला हवं होतं. तोपर्यंत पॉझिटिव्ह सॅम्पल संदर्भ प्रयोगशाळेकडे पाठवून विषाची जात काढून घ्यावी आणि रिपोर्ट येईपर्यंत ते २ आहे असंच धरून चालावं.

खालचीच ओळ 'ई. कोलाय ओ१५७'. एसटीईसी सापडला असेल तरच ती भरली जाते. एसटीईसी पॉझिटिव्ह आणि ओ१५७ निगेटिव्ह पाहून 'म्हणजे धोक्याचा नाही' असं समजणारे भेटतात. त्यांनी जर्मनीतली २०११ ची साथ आठवावी. मेथीच्या मोडांतून पसरलेल्या त्या साथीत ३,८०० हून जास्त लोक आजारी पडले, ८०० हून जास्त जणांना एचयूएस झाला आणि ५० हून जास्त दगावले. जंतू होता ओ१०४:एच४. ओ१५७ शी त्याचा काही संबंध नव्हता. तो मुळात ईएईसी गटातला, म्हणजे आतड्यावर थर करणाऱ्या ई. कोलायपैकी, आणि त्याने शिगा विष २ चा फेज मिळवलेला. आजच्या पॅनलवर तो जंतू 'ईएईसी डिटेक्टेड, एसटीईसी डिटेक्टेड, ओ१५७ नॉट डिटेक्टेड' असा उमटेल. अशी जोडी दिसली तर ती दोन किरकोळ लागणी म्हणून सोडून देऊ नये.

शिगेला आणि ईआयईसी, म्हणजे आतड्याच्या पेशींत शिरणारा ई. कोलाय, यांची ओळ एकच आहे, आणि त्याला कारण आहे. पॅनल शोधतं तो इपाएच जीन दोघांतही असतो आणि आतड्यात दोघांचा उद्योगही एकच. हे आतड्याच्या भिंतीत शिरतात. अस्तरातल्या एम नावाच्या पेशींमधून आत उतरतात, गिळायला आलेल्या मॅक्रोफेज या रक्षक पेशीलाच मारतात, मग अस्तराच्या पेशीत मागच्या बाजूने घुसतात आणि पेशीच्याच सांगाड्यातलं ॲक्टिन हे प्रथिन वापरून शेजारच्या पेशीत ढकलले जातात. बाहेर न येता पेशीतून पेशीत. त्यामुळे सूज, फोड, रक्त, शेम आणि संडासला बसून कुंथत राहणं, ही आमांशाची सगळी लक्षणं. दहा ते शंभर जंतूही पुरतात, कारण शिगेला जठरातल्या आम्लाला दाद देत नाही. घरात एकाला झालं की दुसऱ्याला होतं ते म्हणूनच. इथे अँटिबायोटिकचा उपयोग असतो, पण कोणतं द्यायचं हे पॅनल सांगत नाही, आणि शिगेलात औषधांना दाद न देण्याचं प्रमाण जगभर वाढतंय. म्हणून ही ओळ पॉझिटिव्ह आली की त्याच सॅम्पलचं कल्चर आणि सेन्सिटिव्हिटी (कोणतं औषध लागू पडेल याची चाचणी) मागावीच. शिगेला आणि एसटीईसी दोन्ही पॉझिटिव्ह असतील तर शिगेला डिसेंटेरी टाइप १ चा संशय घ्यावा. शिगा विष मूळचं त्याचंच.

आता सर्वांत जास्त गैरसमज होणारी ओळ: ईपीईसी, म्हणजे आतड्याच्या पेशीला घट्ट चिकटून बसणारा ई. कोलाय. हा जंतू जे करतो ते सूक्ष्मदर्शकाखाली पाहण्यासारखं असतं. तो सुईसारख्या यंत्रणेने पेशीत आपलं टिर नावाचं प्रथिन टोचतो. ते पेशीच्या पृष्ठभागावर येऊन बसतं आणि जंतू स्वतःच्या इंटिमिन या प्रथिनाने त्यालाच घट्ट धरतो. म्हणजे खुंटी स्वतःच ठोकायची आणि तिलाच लटकायचं. त्याखाली ॲक्टिनचा ओटा उठतो, आजूबाजूचे शोषण करणारे सूक्ष्म केस झडून जातात, आणि पाणी शोषलं जात नाही म्हणून जुलाब होतात. अस्सल ईपीईसीकडे आणखी एक गोष्ट असते: एकमेकांना गुंफून झुपके करणारे तंतू, ज्यांचा जीन 'बीएफपी'. वर्षाच्या आतल्या बाळांमध्ये हा अस्सल प्रकार जिवावर बेतू शकतो. पण पॅनल फक्त इंटिमिनचा 'ईएई' जीन शोधतं, बीएफपी नाही. त्यामुळे अस्सल आणि नक्कल, दोन्ही एकाच ओळीत येतात. नक्कल प्रकार धडधाकट माणसांतही सापडतो. मोठ्या माणसात इतर काही न सापडता फक्त ईपीईसी आला असेल आणि जुलाब ओसरत असतील तर औषधाची गरज सहसा नसते. तान्ह्या बाळात, जुलाब लांबत असतील तर, वेगळा विचार करावा. एसटीईसी पॉझिटिव्ह असेल तर ईपीईसीची ओळ यंत्र कोरीच ठेवतं, कारण ईएई जीन बऱ्याच एसटीईसीतही असतो. हा निर्णय योग्य आहे.

ईएईसी आतड्यावर एकमेकांवर रचलेल्या विटांसारखा थर करतो आणि शेमाचा जाड पापुद्रा धरतो. दोन आठवड्यांहून जास्त चाललेल्या जुलाबात त्याची दखल घ्यावी. चार दिवसांच्या जुलाबात तो एकटा दिसला तर आधी बाकीची कारणं पाहावीत.

जंतू सापडणं आणि जंतूने आजार करणं यात किती अंतर आहे याचा सगळ्यात चांगला पुरावा 'जेम्स' या अभ्यासात मिळतो. आफ्रिका आणि दक्षिण आशियातल्या सात ठिकाणी पाच वर्षांखालच्या मुलांवर झालेला हा अभ्यास २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला. मध्यम ते तीव्र जुलाब असलेल्या ८३ टक्के मुलांत किमान एक संभाव्य रोगजंतू सापडला. आणि जुलाब नसलेल्या, तुलनेसाठी घेतलेल्या मुलांत? ७२ टक्के. सर्वाधिक जुलाबांशी खात्रीने जोडता आले ते रोटाव्हायरस, क्रिप्टोस्पोरिडियम, एसटी विष असलेला ईटीईसी आणि शिगेला. जिथे स्वच्छ पाण्याची वानवा आहे तिथल्या मुलाच्या रिपोर्टवर तीन-चार नावं एकदम येणं अगदी साधं आहे. त्या प्रत्येकासाठी एकेक औषध लिहिणं चूक आहे. लक्षणं कोणत्या जंतूच्या कामाशी जुळतात ते पाहावं: पाण्यासारखे जुलाब असतील तर विष सोडणारे, रक्त-ताप असेल तर आत शिरणारे, पंधरवडा उलटला तर चिकटून बसणारे आणि परजीवी.

क्लॉस्ट्रिडिओइड्स डिफिसिलची ओळ तर काही लॅब डॉक्टरांनी खास मागितल्याशिवाय दाखवतच नाहीत, आणि ते बरोबर आहे. अँटिबायोटिकमुळे आतड्यातले नेहमीचे जंतू मेले की हा जोर धरतो. त्याची विषं पेशीचा सांगाडा सांभाळणारी प्रथिनं निकामी करतात, पेशींमधले सांधे सुटतात आणि आतड्यावर पिवळसर पापुद्रे येतात. पण पॅनल विषाचा जीन पाहतं, विष नाही. जीन असूनही विष न बनवणारा जंतू घेऊन हिंडणारे पुष्कळ असतात, आणि वर्षाच्या आतली बाळं तर सर्रास. म्हणून चोवीस तासांत तीन किंवा जास्त पातळ शौच, जुलाबाचं औषध घेतलेलं नाही, आणि वय एका वर्षाच्या पुढे, अशा रुग्णातच ही ओळ वाचावी आणि शक्य तिथे विषाची वेगळी चाचणी जोडीला करावी. घरात हा रुग्ण असेल तर हात साबण-पाण्याने धुवावेत. याचे बीजाणू सॅनिटायझरने मरत नाहीत.

कॅम्पिलोबॅक्टरसाठी पॅनल निर्विवादपणे सरस. या जंतूला कल्चरमध्ये कमी प्राणवायू आणि ४२ अंश तापमान लागतं, आणि वाटेत तो सहज मरतो. पॅनलला तो जिवंत असण्याची गरजच नाही. कॅम्पिलोबॅक्टरनंतर एक ते तीन आठवड्यांत पायांत मुंग्या किंवा अशक्तपणा सुरू झाला तर गियाँ-बारे सिंड्रोम या नसांच्या आजाराचा विचार करून त्वरित डॉक्टरांना दाखवावं. ही गुंतागुंत हजारात साधारण एकाला होते. साल्मोनेलाच्या ओळीबद्दल एवढंच: टायफॉइड शोधायचा तर रक्ताचं कल्चर हवं, हे पॅनल त्यासाठी नाही. आणि सुदृढ माणसातल्या साध्या साल्मोनेला जुलाबाला अँटिबायोटिक दिलं तर जंतू शौचातून जाण्याचा काळ उलट लांबू शकतो.

पॅनलमध्ये काय नाही तेही ध्यानात असू द्यावं. जेवणानंतर एक ते सहा तासांत उलट्या सुरू झाल्या तर संशय स्टॅफिलोकॉकस ऑरियस किंवा बॅसिलस सिरियस यांनी अन्नातच तयार करून ठेवलेल्या विषाचा. ते दोन्ही या यादीत नाहीत. क्लॉस्ट्रिडियम परफ्रिंजन्स नाही, एरोमोनासही नाही. सगळ्या ओळी निगेटिव्ह म्हणजे 'पोटात काही नाही' असं नव्हे. उलट बाजूही आहे: नुकताच रोटाव्हायरसचा तोंडावाटे द्यायचा डोस दिलेल्या बाळात रोटाव्हायरस पॉझिटिव्ह येऊ शकतो, कारण लसीतला विषाणू शौचातून बाहेर पडत असतो. लसीची तारीख विचारल्याशिवाय ती ओळ वाचू नये.

मग ही चाचणी करावी कुणी? रक्त किंवा शेम पडतंय, ताप चढलाय, पोटात जीवघेण्या कळा आहेत, सात दिवसांहून जास्त जुलाब चालू आहेत, प्रतिकारशक्ती कमी आहे, नुकताच रुग्णालयात राहून आलेला किंवा अँटिबायोटिक घेतलेला आहे, किंवा एकाच ठिकाणी जेवलेले अनेक जण आजारी पडलेत, अशांसाठी आम्ही तिची जोरदार शिफारस करू. कालपासून पाण्यासारखे जुलाब, ताप नाही, पाणी पोटात टिकतंय, तर ही चाचणी नको. निकाल काहीही आला तरी करायचं तेच असतं.

पुन्हा चाचणी करून 'जंतू गेला का' हे पाहण्यासाठीही पॅनल वापरू नये. मेलेल्या जंतूचा डीएनएही त्यात पॉझिटिव्ह दाखवतो, बरं वाटल्यानंतर कितीतरी दिवस. स्वयंपाक करणारा, पाळणाघरात काम करणारा किंवा रुग्णांची शुश्रूषा करणारा माणूस शिगेला किंवा एसटीईसीतून उठला असेल आणि कामावर परतण्यासाठी दाखला हवा असेल, तर स्थानिक आरोग्य विभागाच्या नियमाप्रमाणे शौचाचं कल्चर करून घ्यावं, आणि तेही अँटिबायोटिक घेतलं असेल तर ते थांबल्यावर किमान दोन दिवसांनी.